बातमी मुलीची, वाक्ये बाईंची

वाचकाचे पत्र, थोडक्यात : तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आठवी ते दहावीच्या चौदा मुलामुलींना घेऊन चार पानी मासिक वार्तापत्र सुरू केले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ही मुले दोन तास थांबतात, शाळेतल्या आणि गावातल्या बातम्या लिहून आणतात. बाई रात्री बसून त्या नीट करतात आणि अडीचशे प्रतींच्या झेरॉक्सचा बराचसा खर्चही पदरचा करतात. यंदाच्या पालकसभेत दहावीच्या काही पालकांनी ‘याने मार्क वाढतात का?’ असा प्रश्न केला. मुख्याध्यापकांनी निकालाचा विषय काढला आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याची नववीतल्या एका मुलीची बातमी थांबवायला सांगितली. चौदांपैकी प्रत्यक्षात पाचच मुले लिहितात, हेही बाईंनी प्रामाणिकपणे कळवले आहे. त्यांच्यासमोर तीन वाटा आहेत : उपक्रम बंद करावा, दहावीच्या मुलांना वगळावे, किंवा उत्तम लिहिणारी मोजकी मुले घेऊन वर्षातून एकच देखणा अंक काढावा. पत्राखाली ता. क. आहे : ‘मागच्या अंकातल्या लेखाबद्दल आठवीतल्या एका मुलीचे मी वर्गात कौतुक केले, तर ती म्हणाली, “बाई, ते तर तुम्हीच लिहिलंय.”’

बाई, सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी थांबले. पालकांची तक्रार, मुख्याध्यापकांची नाराजी आणि खर्चाची ओढाताण यांवर तुम्ही तीन पाने लिहिलीत आणि त्या मुलीचे वाक्य मात्र जाता जाता, सही झाल्यावर जोडलेत. माझ्या मते तुमचा खरा पेच त्या एका ओळीत आहे आणि पालकांच्या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच शोधावे लागेल. तरीही सुरुवात पालकांपासून करू, कारण तुम्हाला त्यांची भीती बसलेली दिसते.

‘मार्क वाढतात का?’ हा प्रश्न तुम्हाला क्षुद्र वाटला, असे तुमच्या शब्दांवरून जाणवते. तो तसा मानू नये, असे मला वाटते. ज्या घरात दहावीचा निकाल हीच पुढच्या शिक्षणाची एकमेव शिडी असते, त्या घराने शनिवारच्या दोन तासांचा हिशेब मागितला तर त्यात काही गैर नाही. शिवाय या प्रश्नाला तुमच्याकडे सरळ उत्तर आहे, आणि ते तुम्ही सभेत दिले नाहीत याचे मला आश्चर्य वाटले. दहावीच्या प्रथम भाषा मराठीच्या सध्याच्या आराखड्यात ८० गुणांच्या लेखी परीक्षेपैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश यांना ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोहोंना मिळून १०, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८. ज्या मुलांनी दोन वर्षे दर महिन्याला खरी बातमी शोधली, तिचा मथळा चार वेळा बदलला आणि तिची लांबी रकान्यात बसेल इतकी छाटली, त्यांना यातला बराचसा भाग नव्याने शिकावा लागत नाही.

हे उत्तर पालकांना जरूर द्या, पण तेवढ्यावर उपक्रम तोलून धरू नका. उद्या परीक्षेचा आराखडा बदलला तर तो आधार निसटेल. आणि वार्तापत्रामुळे मुलाचे बीजगणित सुधारेल किंवा इंग्रजीची धास्ती जाईल, असे आश्वासन तर मुळीच देऊ नका, कारण ते खरे होईलच असे नाही. मुलांच्या उपक्रमांचे समर्थन करताना आपण शिक्षक मंडळी फार मोठे शब्द वापरतो. ‘सर्वांगीण विकास’ म्हटले की सभेत माना डोलतात आणि घरी जाऊन पालक शिकवणी लावतात.

मग अशा कामातून अभ्यासाला नेमके काय मिळते? मुख्याध्यापकांनी थांबवायला लावलेल्या त्या पाण्याच्या बातमीवरूनच पाहू. समजा, त्या मुलीच्या पहिल्या मसुद्यात ‘मुलींच्या स्वच्छतागृहात कधीच पाणी नसते’ असे वाक्य आहे. तिला एवढेच विचारा : ‘कधीच’ म्हणजे किती दिवस? मग ती दोन आठवडे रोज मधल्या सुट्टीत जाऊन पाहील आणि वहीत तारखेनिशी नोंद करील. नळ किती, चालू किती, मुली किती, हे मोजील. समजा, शाळेत ३१२ मुली आहेत आणि नऊ नळांपैकी चारच चालू आहेत. म्हणजे एका नळामागे ७८ मुली झाल्या, आणि सगळे नळ चालले असते तर हाच आकडा ३५ च्या आत आला असता. हे गणित पुस्तकातल्या ‘एक हौद दोन नळांनी भरतो’ यापेक्षा अवघड नाही, पण इथे उत्तर चुकले तर कोणीतरी विचारायला येणार आहे. मग शिपाईमामांना विचारावे लागते की टाकी कधी भरते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारावे लागते की आमच्या गल्लीला किती दिवसांआड पाणी सुटते. ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा कोणाचे खरे मानायचे हेही ठरवावे लागते. यानंतर ‘कधीच पाणी नसते’ हे वाक्य आपोआप खोडले जाते आणि त्या जागी ‘पाहणी केलेल्या बारा दिवसांपैकी आठ दिवस पाणी नव्हते’ असे वाक्य येते. या एका खोडण्यात निरीक्षण आहे, मोजदाद आहे, तुलना आहे आणि शब्दाची जबाबदारी आहे. इतिहासाच्या उत्तरात ‘कारणे लिहा’ असे विचारले की जी मुले नुसती विशेषणे लिहितात, त्यांना हीच सवय नसते.

आता त्या ता. क.कडे येते. मुलांनी आणलेल्या बातम्या तुम्ही रात्री अकरापर्यंत बसून ‘नीट’ करता, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु वर सांगितलेले ते खोडणे जर तुमच्या टेबलावर, मुलगी झोपलेली असताना होत असेल, तर त्यातून शिकणारी व्यक्ती तुम्ही आहात, ती नाही. चौदांपैकी पाचच मुले लिहितात याचे कारण तुम्ही ‘बाकीच्यांना आवड नाही’ असे दिले आहे. मला एक शंका येते. आपले लिहिलेले छापून येत नाही, बाईंचे येते, हे उरलेल्या नऊ जणांच्या आधीच ध्यानात आले असावे. मग त्यांनी अंक वाटण्याचे सोपे काम पत्करले. त्या आठवीतल्या मुलीने तेच उघड बोलून दाखवले, आणि माझ्या मते तिचे हे वाक्य तुमच्या वार्तापत्रातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा अचूक आहे.

तुम्ही असे का करता, हेही मी समजू शकते. अंक पालकांच्या, मुख्याध्यापकांच्या, कदाचित केंद्रप्रमुखांच्याही हाती पडणार असतो आणि त्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक मराठीच्या बाईंच्या नावावर जमा होते. म्हणून दोन कामे वेगळी करावीत. शुद्धलेखन शेवटी तपासायचे असते आणि ते तुम्ही बिनधास्त तपासा. दैनिकात मुद्रितशोधक हेच करतो आणि त्यामुळे वार्ताहराचा मान कमी होत नाही. पोलंडमधल्या वॉर्सात यानुश कोर्चाक या शिक्षणतज्ज्ञ बाललेखकांनी १९२६ मध्ये एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून मुलांनी लिहिलेले वृत्तपत्र सुरू केले, ते सप्टेंबर १९३९ पर्यंत चालले. मुलांना आवाहन करतानाच त्यांनी सांगून टाकले होते की अक्षर वाईट आहे किंवा चुका होतात म्हणून कोणी लाजू नये, त्या दुरुस्त करता येतात. मजकुराचे मात्र वेगळे आहे. वाक्य कुठून सुरू करायचे, कोणती माहिती आधी द्यायची, काय गाळायचे, हे निर्णय मुलाचे आहेत. तिथे तुमच्या लाल पेनाने उत्तर लिहू नये, फक्त प्रश्न लिहावा. ‘हे तुला कोणी सांगितले?’, ‘तू स्वतः पाहिलेस का?’, ‘वाचणाऱ्याला हे गाव माहीत नसेल तर?’ अशा दोन-तीन प्रश्नांपलीकडे समासात काही नको. कागद मुलाकडे परत जावा, त्याने तो पुन्हा लिहून आणावा, आणि दुसरा मसुदाही कच्चा असेल तर अंक कच्चा निघावा. पहिले दोन अंक तुम्हाला लाजिरवाणे वाटतील, ते सोसा.

भाषेबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तुमच्या मुलांपैकी काहींच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात, असे तुम्ही लिहिले आहे, आणि बाकीच्यांचीही बोली पुस्तकातल्या मराठीहून पुष्कळ वेगळी असणार. बातमी प्रमाण मराठीत लिहायला शिकवा, ते त्यांना हवेच आहे. पण आजीने किंवा शिपाईमामांनी जे सांगितले ते अवतरणचिन्हांत, त्यांच्याच शब्दांत राहू द्या. एकाच अर्ध्या पानात दोन तऱ्हांची मराठी शेजारी शेजारी लिहिताना दोन्हींतला फरक मुलाला जसा कळतो, तसा व्याकरणाच्या तासाला कळत नाही. याचा दुसराही फायदा आहे. पाठ्यपुस्तकी बातमीतून मुले ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन’ आणि ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ हे इतके पक्के शिकून येतात की कार्यक्रमात वीज गेली होती, हे लिहायचे राहूनच जाते.

आता ज्यांना खरोखरच लिहिता येत नाही अशा मुलांचे काय करायचे? दिल्लीत २००३ पासून ‘बालकनामा’ नावाचे हिंदी वृत्तपत्र निघते. रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांची ‘बढते कदम’ ही संघटना ते काढते आणि ‘चेतना’ ही संस्था तिला साहाय्य करते. त्यांच्याकडे ‘बातूनी रिपोर्टर’ असतात. ज्यांना लिहिणे जमत नाही अशी ही मुले आपल्या वस्तीतली बातमी आणून सांगतात आणि लिहिता येणारी मुले ती उतरवून घेतात. तुमच्या नऊ मुलांना याच धर्तीवर जोड्यांनी काम देता येईल. सांगणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे अशी दोन्ही नावे बातमीखाली द्यावीत, आणि लिहिणाऱ्याने मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय तो अंकात घेऊ नये. आपण सांगितले एक आणि लिहिले गेले दुसरेच, असे म्हणण्याचा हक्क मिळाला की बोलणारे मूल हळूहळू पेन्सिल मागू लागते. सगळेच मागतील असे नाही, आणि न मागणाऱ्यानेही बातमी शोधून आणलेलीच असते.

यावरून तुमच्या तिसऱ्या वाटेविषयी माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. निवडक मुलांचा वर्षातून एक देखणा अंक ही मला तिन्हींपैकी सर्वांत वाईट वाट वाटते, उपक्रम बंद करण्यापेक्षाही. बंद केला तर निदान सर्वांचे सारखेच नुकसान होते. निवडक अंकात ज्यांना आधीच येते त्यांनाच संधी मिळते, आणि वर्षातून एकदाच लिहिल्याने त्यांचेही फारसे काही वाढत नाही.

दहावीच्या मुलांना वगळण्याची सूचना मात्र मी पूर्णपणे फेटाळणार नाही. तिला थोडा वेगळा आकार देईन. जून ते दिवाळी त्यांनी पूर्ण काम करावे. दिवाळीनंतर, पूर्वपरीक्षेची तयारी सुरू झाली की, त्यांनी बातम्या आणणे थांबवावे आणि महिन्यातून एकदा अर्धा तास येऊन नववीच्या मुलांचे मसुदे वाचून प्रश्न विचारावेत. दुसऱ्याच्या लिखाणातली गडबड ओळखता येणे ही स्वतःच्या उत्तरपत्रिकेसाठीही उत्तम तयारी आहे. पालकांनी तेवढ्यालाही नकार दिला तर वाद घालू नका. दर महिन्याला अंक निघालाच पाहिजे हा हट्टही सोडा. वर्षाला सहा अंक पुरेत. एरवी घाईत शेवटी सगळे काम पुन्हा तुमच्याच टेबलावर येईल.

मुख्याध्यापकांनी थांबवलेल्या बातमीवरून तुम्ही त्यांना ‘सत्याला घाबरणारे’ म्हटले आहे. तसे असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण तुमच्या पत्रातून एक गोष्ट मला कळली नाही : छापण्यापूर्वी त्या मुलीने त्यांची बाजू विचारली होती का? शाळेच्या कारभाराविषयीची बातमी त्यांनी पहिल्यांदा टंकलेल्या प्रतीतच वाचली असेल, तर त्यांचा पवित्रा मला अनपेक्षित वाटत नाही. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला आधी विचारणे आणि त्याचे उत्तर बातमीतच देणे हा पत्रकारितेचा पहिला धडा आहे, आणि तो इथे तुमच्याही कामी येईल. मुलीला वहीतली नोंद घेऊन त्यांच्याकडे पाठवा, एकटी नको, जोडीने पाठवा. मोटार बिघडली आहे, दुरुस्तीचा प्रस्ताव दिला आहे, असे काही ते सांगतील, ते त्यांच्या शब्दांत छापा. त्यांनी तरीही नकार दिला तर मुलीला पुढे करून भांडू नका. तो तुमच्यातला आणि त्यांच्यातला विषय आहे आणि त्याची किंमत चौदा वर्षांच्या मुलीने मोजू नये. मात्र पुढच्या वर्षाच्या आरंभी, कोणतीही बातमी हातात नसताना, काय छापायचे, काय नाही आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे एका पानावर लिहून त्यांची सही घ्या.

‘मुलांनी असल्या विषयांवर कशाला लिहावे?’ असे एका पालकांनी म्हटल्याचे तुम्ही कळवले आहे. त्यांना एवढेच सांगा की मराठीत हे नवे नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती आणि तिचे वय साधारण चौदा होते. आपल्याच माणसांचे हाल तिने लिहिले होते. आज तो निबंध मराठीच्या इतिहासात मानाने सांगितला जातो.

काही गोष्टींत मात्र सावध राहावे लागेल, आणि असा उपक्रम चालवणाऱ्या इतर शिक्षकांनी आणि वाचनालयांनीही हे ध्यानात ठेवावे. एखादे मूल पोलीस प्रकरणात अडकले असेल किंवा अत्याचाराला बळी पडले असेल, तर त्याची ओळख पटेल असे काहीही, अगदी शाळेचे नावसुद्धा, छापता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ तेच सांगते. शेजाऱ्यांची भांडणे, कोणाचे आजारपण, कोणाचे लग्न मोडणे, हे विषय मुले उत्साहाने आणतील, ते तुम्ही थांबवा आणि का थांबवले ते सांगा. अंकाची पीडीएफ गावाच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकण्याआधी मुलांच्या छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. आणि खर्च झेपत नसेल तर सरळ भित्तिपत्रक करा. एक ड्रॉइंग शीट, मुलांच्या हस्ताक्षरातल्या बातम्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारची जागा एवढे पुरते. टंकलेखन नाही म्हटल्यावर तुमची रात्रीची दुरुस्तीही आपोआप बंद होईल. पदरचे पैसे घालून चालवलेला उपक्रम तुमची बदली होईपर्यंत किंवा तुम्ही दमेपर्यंतच टिकतो.

पुढच्या पालकसभेसाठी आतापासून एक तयारी ठेवा. प्रत्येक मुलाचा जूनमधला पहिला मसुदा आणि नोव्हेंबरमधला पहिला मसुदा, दोन्ही तुमच्या हाताचा स्पर्श न झालेले, एका फाइलीत शेजारी शेजारी लावा. छापील अंक दाखवू नका, ही फाइल दाखवा. काही मुलांत फरक दिसेल, एखाद्यात दिसणारही नाही, आणि तेही लपवू नका. ज्याच्यात फरक दिसत नाही त्याच्या पालकांशी बोलायला तुमच्याकडे निदान काहीतरी ठोस असेल.

उरली ती आठवीतली मुलगी. तिने वर्गात, सगळ्यांसमोर, तुम्ही केलेले कौतुक परत केले, आणि पत्रात तुम्ही कुठेही तिच्यावर रागावलेल्या नाहीत, त्यावरून तुम्हाला काय करायचे आहे ते बहुधा ठरलेच आहे. तिने दिलेला मूळ कागद तुमच्या पिशवीत किंवा कपाटात अजून असेल तर तो शोधा आणि येत्या शनिवारी छापील लेखासोबत तिच्यापुढे ठेवा. तुम्ही बदललेल्या वाक्यांपैकी कोणती तिला परत हवी आहेत, एवढेच विचारा आणि ती खुणा करीपर्यंत थांबा. पुढच्या अंकात तो लेख तिच्या मूळ वाक्यांसह पुन्हा छापा, आणि खाली ‘मागील अंकात या लेखात संपादकांनी न विचारता बदल केले होते’ अशी एक ओळ तुमच्या नावाने द्या.